मेण आणि नीळ: कोरोमंडलच्या वाटेने निळं-पांढरं चीट, नवशिक्यांसाठी

जुन्या निळ्या-पांढऱ्या चिटाकडे, म्हणजे नक्षी रंगवलेल्या किंवा छापलेल्या सुती कापडाकडे, बघितलं की वाटतं, पांढऱ्यावर कुणीतरी निळी फुलं काढली असतील. मेणाच्या कामात बहुतेकदा उलटा प्रकार असतो. अख्खं कापड निळीत बुडतं आणि जेवढं पांढरं दिसतं तेवढं मेणाखाली राखलेलं असतं. त्यामुळे या कामात उतरताना आधी पांढरं काय ठेवायचं ते ठरवावं लागतं. निळं आपोआप होतं.

हा लेख वाचून एक हातरुमाल नाहीतर अर्ध्या मीटरचा तुकडा घरी रंगवता यावा, एवढाच हेतू आहे. इतिहास मध्ये मध्ये येईल, कारण कृतीतली प्रत्येक विचित्र वाटणारी अट कुणीतरी आधीच सोसून शोधून काढलेली आहे.

मेण लागतंच का?

नीळ पाण्यात विरघळत नाही. ती धाग्यात शिरायची तर आधी अल्कलीच्या पाण्यात तिचं क्षपण करावं लागतं, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनमुळे जे होतं त्याच्या उलट क्रिया. तसं केलं की ती विरघळते आणि पाणी पिवळट-हिरवं होतं. कापड त्यात बुडवून बाहेर काढलं की हवा लागून नीळ पुन्हा निळी होते, पुन्हा अविद्राव्य होते आणि धाग्यातच अडकून बसते. म्हणूनच साध्या ब्रशने निळीचं फूल रंगवता येत नाही. ब्रश कापडापर्यंत जाईतो रंग हवेतच निळा होऊन जातो. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या छपाईवाल्यांनी यावर उपाय म्हणून निळीत हरताळ घातला, म्हणजे चक्क आर्सेनिकचं संयुग. त्याने रंगाला हवा लागायला थोडा उशीर व्हायचा, तेवढ्यात ब्रश फिरवून घ्यायचा. आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या, म्हणजे भारताच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या, रंगाऱ्यांनी त्या भानगडीत न पडता जे निळं नको ते सगळं मेणाने झाकलं आणि कापड बुडवलं.

मेणाची एक अडचण अशी की गरम रंगात ते वितळतं. निळीचं पाणी मात्र थंड चालतं. शिवाय एकदा बसलेली नीळ उकळत्या पाण्यातही सुटत नाही, त्यामुळे नंतर कापड उकळून मेण काढता येतं. या दोन गुणांमुळे मेण आणि निळीची जोडी जमली. चिरवेलाच्या मुळाचा लाल रंग उकळून द्यावा लागतो, तिथे कापडावर मेण ठेवून चालत नाही. पाँडिचेरीकडच्या कामाचं वर्णन करणारं फादर कर्दू या फ्रेंच जेझुइट पाद्र्याचं 1742 सालचं पत्र वाचलं की हा क्रम नीट उलगडतो: हिरडा आणि म्हशीच्या दुधात कापड तयार करणं, काळ्या-लाल रेषा, मग मेण आणि नीळ, मग मेण उकळून काढून उरलेला लाल, आणि अगदी शेवटी पिवळा. पानं हिरवी हवी असतील तर निळ्यावर पिवळा द्यायचा.

त्याच्याही आधी, 1734 च्या सुमारास, ब्यूल्यू नावाच्या फ्रेंच नौदल अधिकाऱ्याने पाँडिचेरीत हे काम उभं राहून बघितलं आणि प्रत्येक टप्प्यानंतर कापडाचा एक तुकडा कापून ठेवला. ते तुकडे पॅरिसमध्ये जपलेले आहेत. तेव्हा फ्रान्समध्ये या कापडावर बंदी होती. 1686 पासून 1759 पर्यंत ती कागदोपत्री टिकली, आणि लोकांनी कापड वापरायचं काही सोडलं नाही. ब्यूल्यूचा हेतू सरळच होता, कारागिरी चोरून मायदेशी न्यायची. पण त्याची सवय उचलण्यासारखी आहे. मुख्य कापडाबरोबर त्याच कापडाची एक पट्टी ठेवा आणि प्रत्येक टप्प्याला तिचा एक तुकडा कापून त्यावर पेन्सिलीने टीप लिहा. पुढच्या वेळी वहीपेक्षा हेच तुकडे जास्त कामाला येतात.

बाजारात फसू नका

नवशिका माणूस सगळ्यात जास्त फसतो तो निळीतच. पांढऱ्या कपड्यांना द्यायची वाण्याकडची नीळ ही ती नव्हे. ती कपडे उजळ दिसावेत म्हणून असते, तिने या पद्धतीत काहीच रंगणार नाही. मेंदीच्या शेजारी ‘इंडिगो पावडर’ म्हणून मिळणारी हिरवट भुकटीही उपयोगाची नाही. ती नुसती वाळलेली पानं दळून केलेली असते. आपल्याला हवी ती गडद निळ्या वड्यांची किंवा भुकटीची, पानं कुजवून काढलेली रंगाची नीळ. तमिळनाडूत तिंडिवनमच्या भागात ती आजही तयार होते आणि नैसर्गिक रंग विकणाऱ्यांकडे मिळते. ओळखायची सोपी खूण म्हणजे वडीवर नख घासलं की तांब्यासारखी चकाकी दिसते.

पाणी अल्कलीचं करायला चुना लागतो. तो विरलेला घ्या, कोरड्या भुकटीचा. कळीचा चुना घरी विरवत बसू नका, पाणी पडताच तो तापून उडतो. पानाचा ओला चुना चालतो, फक्त त्यात पाण्याचं वजन असतं हे धरून थोडा जास्त घ्यावा लागतो. तिसरी वस्तू फळांची साखर, म्हणजे फ्रुक्टोज. निळीचं क्षपण तीच करते. गुळावरही काम होतं, पण वेळ जास्त लागतो आणि प्रत्येक गुळाची तऱ्हा वेगळी. पहिल्या वेळी फ्रुक्टोजच बरं.

मेण अर्धं मधमाशीचं, अर्धं पॅराफिनचं घ्या. मधमाशीचं मेण लवचिक असतं आणि कापडाला धरून राहतं. पॅराफिन ठिसूळ, ते तडकतं. नक्षीत तडे हवेत की नकोत यावर प्रमाण ठरतं. स्वच्छ बारीक रेषा हव्या असतील तर पॅराफिन कमी करा.

बाकी सामान घरातलंच: दहा लिटर पाणी भरून वर जागा उरेल अशी स्टीलची किंवा प्लास्टिकची उंच बादली, मेणासाठी एक जुनं पातेलं आणि त्याहून मोठं दुसरं पातेलं, रबरी हातमोजे, चष्मा, पी.एच. पट्ट्या (पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते दाखवणाऱ्या), लाकडी दांडा. एकदा या कामाला लावलेली भांडी पुन्हा स्वयंपाकात नेऊ नका. ब्रश डुकराच्या केसांचा घ्या. नायलॉनचा ब्रश गरम मेणात वाकडा होतो.

कापड

मांजरपाट, खादी किंवा साधं केंब्रिक, पण शंभर टक्के सुती. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर नीळ फिकी आणि डागाळलेली बसते. दुकानातल्या कापडाला खळ असते. ती काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. कापड बुडेल एवढ्या पाण्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून तासभर उकळा. कोऱ्या मांजरपाटाचं पाणी गढूळ पिवळं होईल, तेव्हा दुसऱ्यांदाही उकळा. वाळल्यावर पाण्याचा एक थेंब टाकून बघा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर खळ अजून आहे. लगेच शोषला गेला तर कापड तयार.

नक्षी आणि मेण

पहिल्या कापडाला साधी नक्षी घ्या: जाड देठ, मोठ्या पाकळ्या, ठिपक्यांची किनार. पेन्सिलीने पुसट काढा आणि कागदावर पांढऱ्या-निळ्यात एकदा रंगवून बघा. जुने रंगारी कागदावरच्या नक्षीला टाचणीने भोकं पाडून त्यावरून कोळशाची पूड फिरवत. एकच नक्षी पुन्हा पुन्हा उतरवायची असेल तर तीच युक्ती अजूनही उत्तम.

मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं पातेलं, खाली विजेची शेगडी. गॅसच्या उघड्या आचेवर मेण कधीही तापवू नका. मेणातून धूर निघाला की ते प्रमाणाबाहेर तापलंय, शेगडी बंद करा. पेट घेतलाच तर झाकण ठेवा. पाणी ओतू नका, पाण्याने आग अंगावर उडते. झाकण आधीच हाताशी काढून ठेवा.

मेण बरोबर तापलंय की नाही हे कापडच सांगतं. मेणाचा फराटा ओढल्यावर ती जागा तेलकट, पारदर्शक दिसायला हवी आणि उलटून बघितलं तर मागेही तितकीच ओली. फराटा पांढुरका होऊन वरच बसला तर मेण थंड आहे. ते आत शिरलेलं नाही, नीळ मागच्या बाजूने येणार आणि तुमचं पांढरं जाणार. फराटा पसरून जाड झाला तर मेण जास्त गरम. नवशिक्यांची बहुतेक कापडं इथेच बिघडतात, निळीत नव्हे. म्हणून घाई न करता वेगळ्या चिंधीवर दहा-बारा फराटे मारून हात बसवा. कापड उजेडासमोर धरा, कच्च्या जागा लगेच कळतात. त्या मागच्या बाजूने पुन्हा भरा. कोरोमंडलला मेण लावलेलं कापड थोडा वेळ उन्हात ठेवत, म्हणजे मेण मऊ होऊन आरपार मुरायचं. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात हे घरीही जमतं, पण दुर्लक्ष झालं तर रेषा फुटतात.

लाकडी ठसा असेल तर तोही चालतो. ठसा मेणातच थोडा वेळ ठेवून गरम करा, जादा मेण निथळू द्या, मग दाबा. खाली ओल्या वाळूचा सपाट थर पसरून त्यावर कापड ठेवलं की मेण लगेच थिजतं आणि चिकटत नाही. उज्जैनजवळच्या भैरवगढचे बाटिकवाले, म्हणजे मेण लावून कापड रंगवणारे, असंच काम करतात. जावामध्ये बारीक रेषेसाठी तांब्याच्या छोट्या वाटीला नळी बसवलेलं चांटिंग वापरतात. ते हातात बसायला वेळ लागतो, पण एकदा बसलं की ब्रशकडे परत जावंसं वाटत नाही.

एक खुलासा इथेच. भारतात निळ्या ठशाच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या सगळ्या कापडांत मेण नसतं. राजस्थानातल्या बगरूच्या दाबूत चिखल असतो, कच्छच्या अजरखमध्ये चुना आणि डिंक. त्या पद्धतीही रंग अडवण्याच्याच, पण रेषेचं वळण वेगळं दिसतं.

निळीचं पाणी

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फ्रुक्टोज. दहा लिटरला 40 ग्रॅम नीळ, 80 ग्रॅम चुना, 120 ग्रॅम फ्रुक्टोज घ्या. मध्यम निळा येईल.

नीळ एका बरणीत कोमट पाणी आणि चार-पाच गोट्या घालून चांगली हलवा, गुठळी राहता कामा नये. सात-आठ लिटर पाणी उकळीच्या जवळ आणून बादलीत घ्या. बादली प्लास्टिकची असेल तर ती एवढी उष्णता सोसेल याची आधी खात्री करा. आधी नीळ, मग साखर, आणि मग चुना थोडा थोडा करून, चष्मा लावून. दांड्याने एकाच दिशेने हळू ढवळा. घुसळू नका, घुसळल्याने हवा आत जाते आणि आपल्याला तीच नको आहे. झाकण ठेवा. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा हळू ढवळा. असं तीन-चार वेळा.

तासाभरात पाणी बदलतं आणि हे बघण्यासारखं असतं. वर जांभळट-तांबूस साय धरते, मध्ये निळा फेस गोळा होतो, साय बाजूला केली की खालचं पाणी पिवळट किंवा तपकिरी, पण स्वच्छ दिसतं. पाणी अजून निळं आणि गढूळ असेल तर नीळ विरघळलेली नाही, थांबा. पी.एच. 10 ते 11 च्या दरम्यान हवा. नंतर वरून पाणी घालून दहा लिटर करा आणि रात्रभर थंड होऊ द्या. पाणी हाताला जराही गरम लागत असेल तोवर मेणाचं कापड त्यात घालायचं नाही.

तळाशी चुन्याचा गाळ बसतो. कापडाला तो लागला तर डाग पडतात, म्हणून बादलीत तळापासून चार बोटं वर स्टीलची जाळी टांगून ठेवा.

बुडवणं

मेणाचं कापड आधी दहा मिनिटं साध्या थंड पाण्यात भिजवा आणि निथळून घ्या. पिळू नका, मेण तडकेल. साय वाटीने बाजूला करा. कापड एका कडेने, सावकाश, बुडबुडे न करता आत सोडा. तीन-चार मिनिटं पाण्याखालीच धरून ठेवा, वर येऊ देऊ नका. बाहेर काढतानाही सावकाश, बादलीच्या कडेला निथळून, थेंब परत पाण्यात टपटपणार नाहीत असं.

बाहेर येताना कापड पिवळट-हिरवं असतं. मग कडांपासून हिरवा गडद होत जातो आणि काही मिनिटांत सगळं निळं होतं. घड्या पडल्या असतील तर त्या लगेच सोडवा, नाहीतर तिथे हिरवट पट्टे राहतात. दहा-पंधरा मिनिटं हवेवर ठेवा आणि पुन्हा बुडवा. गडद रंगासाठी एकदाच जास्त वेळ बुडवून ठेवण्यापेक्षा अनेकदा थोडा थोडा वेळ बुडवावं. रंग थराथराने बसतो आणि घासल्यावर कमी उतरतो. चार ते सहा डुबक्या पुष्कळ झाल्या. ओल्या कापडाचा निळा वाळल्यावर बराच फिका होतो, म्हणून मनात आहे त्याहून दोन छटा गडद झाल्यावर थांबा.

दोन छटा हव्या असतील तर दोन डुबक्यांनंतर कापड धुऊन पूर्ण वाळवा, फिक्या निळ्याच्या जागा आता मेणाने झाका, आणि पुढच्या डुबक्या द्या. इथेच पट्टीचा एक तुकडा कापून ठेवायला विसरू नका.

मेण काढणं

कापड एक दिवस वाळू द्या. मग बादलीभर पाण्यात अर्धी वाटी व्हिनेगर घालून त्यात थोडा वेळ बुडवा, चुना निघून जातो आणि कापडाचा राखाडीपणा जातो. साध्या पाण्याने धुवा.

आता मोठ्या भांड्यात पाणी उकळून त्यात कापड सोडा. मेण वर तरंगायला लागतं. दांड्याने कापड खालीवर करत पाच-सात मिनिटं ठेवा आणि दुसऱ्या उकळत्या पाण्यात हलवा. दुसऱ्या पाण्यात थोडा साबण घाला. दोन-तीन पाण्यांत कापड मऊ होतं. पहिलं पाणी मोरीत ओतू नका, मेण पाइपमध्ये थिजून बसेल. भांडं थंड झालं की वर मेणाची चकती धरलेली असते, ती उचलून पुढच्या कामाला ठेवा.

कापड उजेडात धरा. पांढऱ्या पाकळीवर केसासारख्या निळ्या रेघा दिसतील. मेण हाताळताना जिथे तडकलं तिथून नीळ आत गेली. लोक हल्ली हे तडे मुद्दाम पाडतात, बाटिक म्हटलं की तेच हवं असतं. कोरोमंडलचे चांगले रंगारी तडे कमीत कमी पडू देत. मला त्यांचंच पटतं. तड्यांच्या जाळ्यात नक्षी हरवते.

जुनं कापड बघताना

हात लावून एकदा काम केल्यावर संग्रहालयातलं कापड वेगळं दिसू लागतं. मेणात झालेला निळा मागून-पुढून जवळजवळ सारखा असतो. निळ्याची कड लाल-काळ्या रेषेच्या किंचित आत-बाहेर जाते, कारण मेण लावणारा हात आणि रेषा काढणारा हात वेगळे. पानं निळीच दिसली तर ती मूळची हिरवी होती असं बहुधा समजावं. शेवटचा पिवळा सगळ्यात कच्चा, तो आधी उडतो आणि खालची नीळ उरते. लाल फुलाच्या आत पांढऱ्या बारीक नक्षीच्या रेषा दिसल्या तर त्याही मेणाच्याच आहेत. तिथे मेण उकळत्या लाल रंगाला नव्हे, त्याआधी लावायच्या तुरटीला अडवतं.

अहमदाबादचं कॅलिको म्युझियम 1949 पासून आहे, तिथे आधी नाव नोंदवावं लागतं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं वस्त्रदालन आहे. परदेशातल्या वाचकांना लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि टोरांटोचं रॉयल ऑन्टारिओ म्युझियम जवळचं, दोन्हीकडे कोरोमंडलच्या चिटांचे मोठे संग्रह आहेत. गुजरातेतून समुद्रमार्गे गेलेले ठशाचे सुती तुकडे कैरोजवळच्या फुस्तात या जुन्या शहरात सापडले, त्यातले बरेच निळे आहेत आणि ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे.

तंजावरच्या भोसले घराण्यासाठी कुंभकोणमजवळच्या कोडालिकरुप्पूरला होणाऱ्या साड्या मराठी माणसाने आवर्जून बघाव्यात. आधी जरीची नक्षी विणायची, मग मेणाने रेषा राखून कापड रंगवायचं. रंग मुख्यतः लाल आणि काळा, म्हणजे निळीच्या वाटेवरच्या त्या नव्हेत, पण मेणाची शिस्त तीच. तंजावरचं राज्य 1855 मध्ये खालसा झालं, राजाश्रय गेला आणि हे कामही हळूहळू बंद पडलं.

बादली सांभाळणं

निळीचं पाणी एका कापडात संपत नाही. काम झालं की हळू ढवळून झाकण लावून ठेवा. पुढच्या वेळी ते निळं-गढूळ झालेलं दिसलं तर बादलीतलं दोन-तीन लिटर पाणी स्टीलच्या भांड्यात गरम करून, त्यात 20-30 ग्रॅम फ्रुक्टोज विरघळवून परत ओता, ढवळा आणि दोन-तीन तास थांबा. पी.एच. 10 च्या खाली गेला असेल तर चमचाभर चुना. पाणी पिवळं, स्वच्छ आहे पण कापड हवेवर फिकटच राहतंय, तर नीळ संपली. मग नवी नीळ बरणीत भिजवून घाला किंवा त्याच पाण्यात आकाशी रंगाची कापडं करून घ्या. जुन्या बादलीतून येणारा आकाशी फार सुंदर असतो. अगदी संपल्यावर पाणी भरपूर ढवळून निळं होऊ द्या, व्हिनेगरने चुन्याचा जोर मोडा, पी.एच. सातच्या आसपास आला की वरचं पाणी ओता. तळाचा गाळ मोरीत न सोडता वाळवून कचऱ्यात टाका.